पडद्याची डावी बाजू

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की आई सांगायची, "ती बटणं बसवते." पाहुण्यांना वाटायचं मी शर्ट शिवते. कितीदा म्हटलं असेल, अगं नीट सांग ना, कारखान्यातल्या मशीनवर टचचा पडदा असतो, त्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं आणि केवढं असावं हे मी ठरवते. आई शांतपणे म्हणायची, "मग मी वेगळं काय सांगितलं?" आता वाटतं, बरोबरच होतं तिचं.

ही देवासची गोष्ट, दोन हजार सालानंतरची. आमच्या कारखान्यात पाकिटं भरायची नवी मशीनं आली होती. जुन्या मशीनवर खरीखुरी बटणं असायची, हिरवं दाबलं की चालू, काळं दाबलं की बंद. माणूस पाठ करून उभा असला तरी हात बरोबर तिथे जायचा. नव्या मशीनवर सपाट काच. आणीबाणीचं लाल बटण तेवढं बाहेर राहिलं, बाकी सगळं काचेच्या आत गेलं. मशीनबरोबर जो पडदा आला होता तो कोणी काढला होता देव जाणे. वेग कमी करायचं बटण पार वरच्या कोपऱ्यात, तेही हरभऱ्याएवढं! ऑपरेटर लोक दिवसभर हात उंचावून दमायचे आणि शिव्या मला द्यायचे, कारण पडद्याशेजारी मी दिसायचे.

साहेबांनी सांगितलं, तुला एवढं खटकतं ना, मग तूच नवा कर. साहेबांचे माझ्यावर खूप उपकार आहेत, आणि त्यातला हा पहिला. पण बसले तेव्हा डोकं चालेना. इंदूरच्या कॉलेजात मला सर्किटं शिकवली होती, गणित शिकवलं होतं, बटण कुठे ठेवावं हे कोणीच शिकवलं नव्हतं. समोर कोरा पडदा आणि एका बाजूला रचलेली बटणं. मी बघत राहिले, आणि एकदम मला धारचं स्वयंपाकघर दिसलं.

धारला माझी आत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण. आमचे आजोबा धार संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, कारकुनी गेली, पण घरातली शिस्त काही गेली नाही. बाबा नोकरीसाठी देवासला आले आणि आत्या तिथेच शाळेत शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. नव्वदच्या दशकातल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या तिच्या दोन खोल्यांत गेल्या. इंदूरला बस बदलायची, घाटाबिल्लोदला खायला सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, घ्यायचे, आणि धार आलं की केस नीट करायचे, नाहीतर दारातच बोलणी बसत.

ताट वाढायला मी तिच्याकडे शिकले. पहिल्यांदा वाढायला घेतलं आणि चटणी वाढली उजवीकडे. आत्याने पळी खाली ठेवली.

"चटणी काय तू मूठभर खाणार आहेस?"

"नाही."

"मग उजवीकडे कशाला? जे घडीघडी लागतं ते उजवीकडे, हाताखाली. भाजी, आमटी. जे चिमूटभर लागतं ते डावीकडे. लोणचं, चटणी, कोशिंबीर."

"आणि मीठ?"

"मीठ वर, मधोमध. दिसलं पाहिजे, पण चुकून हात लागता कामा नये."

तेव्हा मला वाटलं होतं काय ही कटकट! जेवायचंच आहे ना, पोटात तर सगळं एकच होतं. हे मी मोठ्याने बोललेही, आणि त्यावर तिने मला अख्खी पंगत वाढायला लावली.

तर त्या दिवशी मी तो पडदा ताटासारखा वाढला. चालू, बंद, वेग ही घडीघडीची बटणं उजवीकडे, कोपर न उचलता हात पोचेल अशी. सगळं पुसून नव्याने सुरू करायचं वगैरे क्वचित लागणारी डावीकडे. मशीन बिघडलं की येणारी सूचना मिठाच्या जागी. बदनावर गावचा एक ऑपरेटर होता, मोठा खट्याळ. त्याने काचेवर एकदा हात फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, "देख भिया, मैडम ने तो थाली परोस दी। अब दाल-बाफले भी आते होंगे।" सगळे हसले, मीही हसले. पण त्यानंतर माझ्याकडे एकामागून एक मशीनं आली, पगार वाढला, आणि आईचं ते "बटणं बसवते" जरा तोऱ्यात यायला लागलं. हे सगळं आत्याचं देणं होतं. मी तिला फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, "बरं झालं, काहीतरी लक्षात राहिलं तुझ्या."

मग एका उन्हाळ्यात आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, जरा जड. पाय ओढत का होईना चालायला लागली. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

इथे तिच्या रविवारच्या वर्गाबद्दल सांगायला हवं. गल्लीतल्या मराठी घरांतली मुलं हिंदी शाळेत जायची. घरी मराठी बोलायची, तीही अर्धी, "मम्मी, मेरेको भूक लागली" असली. पुस्तक हातात दिलं की अडखळायची. आत्या निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्यांना घरी बसवून वाचायला शिकवायची, फुकट. भिंतीवर फळा होता. ती एकेक अक्षर लिहायची आणि मुलं ते अक्षर उमटता उमटता वाचायची, पुढचं काय येणार याचा अंदाज बांधत. असा शब्द हळूहळू उलगडण्यात तिचं सगळं कसब होतं. तिला भेटलेलं माणूस आधी वर्गाची चौकशी करायचं, मग तब्येतीची. तो वर्ग बंद पडला.

दुसरं काहीही बंद पडलं असतं तर तिने सोसलं असतं. वर्ग गेला आणि ती बोलेनाशी झाली. जेवण अर्धं राहायचं. आई महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिली होती. ती मला फोनवर म्हणाली, "वन्सं नुसत्या फळ्याकडे बघत बसतात गं. मला काही हे लक्षण बरं दिसत नाही." आई आणि आत्या यांचं आयुष्यभर तूतू-मैंमैं चाललेलं, त्यामुळे मला जास्तच धसका बसला.

मी धारला गेले आणि नेहमीसारखी पटकन बोलून गेले. "आत्या, डाव्या हाताने लिही ना. किती लोक लिहितात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत आठ वर्षांची झाले. "जेवते मी डाव्या हाताने. पोटापुढे इलाज नाही. पण अक्षराला डावा हात? अक्षर म्हणजे काय केर आहे?"

"अगं, असं काही नसतं आता."

"तुझ्याकडे नसेल. माझ्याकडे आहे. पन्नास मुलांना मी सांगितलं, पाटीला पाय लावू नका, डाव्या हाताने देऊ नका. आता त्यांच्यासमोर मीच लिहू?"

मला तिचा रागही आला आणि कीवही आली. पण बसमध्ये परत येताना एक गोष्ट सुचली. ही लिहिणार नाही, ठीक. पण टचच्या पडद्यावर लिहायचं कुठे असतं? नुसतं बोट टेकवायचं. अक्षर मशीन लिहितं. बोट टेकवायला तिची हरकत नसावी.

साहेबांना विचारलं. एक पडदा काढून ठेवलेला होता, कडेला तडा गेलेला, पण चालणारा. म्हणाले, घेऊन जा, आत्यांना माझा नमस्कार सांग. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर सगळी वर्णमाला, बोट लावलं की ते अक्षर मोठं होऊन टीव्हीवर उमटणार. टीव्ही मुलांकडे तोंड करून, पडदा आत्यासमोर. मोठ्या खुशीत मी ते धूड मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. इंदूरला कंडक्टर म्हणाला, "दीदी, इसका भी टिकट लगेगा, पूरी सीट घेर ली।" मी म्हटलं, "भिया, ये टीचर है, इसको छोड़ दो।" त्याने खरंच सोडलं.

आत्याकडे सगळं जोडलं. समोरच्या घरातली एक चिमुरडी वाचायला बसवली. आई दाराला टेकून उभी. त्या दिवसांत लाइट ठरलेल्या वेळी जायची, म्हणून सगळं घाईघाईत. मी म्हटलं, "आत्या, लाव बोट."

आणि आत्याने डावा हात उचलला, त्याने आपला उजवा हात मनगटाशी धरला, आणि तो उचलून पडद्यापाशी आणला. उजव्या हाताचं निर्जीव बोट तिने अक्षरावर टेकवलं.

मला वाटलं होतं मी वाट काढली. तिने तिची वाट आधीच काढून ठेवली होती, आणि माझा पडदा तिला त्या वाटेने जाऊ देत नव्हता.

कारण पडदा मी कसा वाढला होता? ताटासारखा. सवयच ती. अक्षरं उजवीकडे, हाताखाली. 'पुसा' हे बटण डावीकडे, चटणीच्या जागी. ताटात ते बरोबर आहे, कारण जेवताना डावा हात ताटाकडे येतच नाही. इथे डावा हात उजव्याला घेऊन येत होता. तिने 'पा' लावला, टीव्हीवर 'पा' आला. 'णी' लावायला हात पुढे नेला, डाव्या हाताची बोटं वाटेत 'पुसा'वर घासली, आणि टीव्ही कोरा. पुन्हा 'पा'. पुन्हा कोरा. मुलगी आधी हसली, मग तिलाही कळलं की हसायचं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

आत्याने आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"राहू दे बयो," ती म्हणाली. "तुझी मशीन मला हाकलून देतेय."

ती आत जाऊन पडली. संध्याकाळी जेवली नाही. मी तो पडदा उचलून फेकून देणार होते, आईने अडवलं. म्हणाली, "पडद्यावर काय चिडतेस? बटणं बसवणारी तू ना? मग बसव."

देवासला घरी आलो तेव्हा आईनेच माझा उजवा हात ओढणीने शरीराशी बांधला आणि मनगट तेवढं मोकळं ठेवलं. "आता उचल त्याला डाव्या हाताने." उचलला. मेला केवढा जड असतो आपलाच हात! छातीच्या वर जाईना. पंजा लोंबत राहायचा, आणि बोट पोचायच्या आधी तळवाच खालच्या चार बटणांवर पडायचा. माझ्या सगळ्या अक्षरांपैकी तिला पोचण्यासारखी फक्त खालच्या काठाची होती, तीही पडदा उभा असेपर्यंत नाहीच. मी काचेवर हात आपटत बसले आणि आई समोर बसून भाजी निवडत होती. मध्येच म्हणाली, "वन्सं पाटी कुठे धरायच्या आठवतंय? भिंतीला थोडीच टेकवायच्या. मांडीवर घ्यायच्या."

आई कधी शाळेत शिकवायला गेली नाही. पण आत्याला तिच्याइतकं निरखून कोणी पाहिलेलं नव्हतं. भांडणारी माणसं फार बारकाईनं बघतात.

मी सगळं मोडून नव्याने केलं. पडदा आडवा, उतरता, पाटावर ठेवलेला, तिच्या मांडीच्या उंचीला. अक्षरं फक्त खालच्या काठाला, एकाच ओळीत, भाकरीच्या तुकड्याएवढी मोठी. सगळी वर्णमाला एका ओळीत मावत नाही, म्हणून आधी फक्त गट दिसायचे. 'क'ला बोट लावलं की त्याच ओळीत त्याची भावंडं यायची, मग मात्रा. हात उचलायचाच नाही, अक्षरांनी तिच्या बोटाखाली यायचं. ओळीच्या खाली काहीच नाही, म्हणजे तळवा कुठेही पडो. डाव्या बाजूला तर एकही बटण ठेवलं नाही, तो हात हवा तसा वावरू दे. आणि 'पुसा' नेलं वर, मधोमध. दिसलं पाहिजे, पण चुकून हात लागता कामा नये.

दसऱ्याला धारला गेलो. मी मुद्दामच तो दिवस धरला होता. त्या दिवशी मुलं पाटीपूजनाला आत्याकडे येतातच, तिच्या घरची रीतच होती. झेंडूची फुलं, आपट्याची पानं, पाट्यांवर एकाचे आकडे जोडून काढलेल्या सरस्वत्या. कोणाची सरस्वती झाडासारखी, कोणाची बाहुलीसारखी. आईने माझ्या पडद्यालाही एक फूल वाहिलं आणि तो पाटावर ठेवून पाट आत्यापुढे सरकवला.

आत्या नको म्हणाली. मुलं म्हणाली, "बाई, एकच शब्द!" मुलांपुढे तिचं कधी चाललं नाही.

तिने उजवा हात उचलून आणला. बोट टेकवलं. 'पा'. मुलं ओरडली, "पा!" मग हात न उचलता, जरासा सरकवून, 'णी'. "पाणी!" टीव्हीवर शब्द तसाच राहिला. कोणी पुसला नाही. आत्या त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग पुढचा शब्द लावायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. त्या क्षणी मला सगळ्यांचेच उपकार आठवत होते, साहेबांचे, आईचे, त्या इंदूरच्या कंडक्टरचेसुद्धा.

चाललं होतं, पण फार हळू. दोन अक्षरांत मुलांची चुळबुळ सुरू व्हायची. आत्याच्या कपाळावर घाम आला होता. मला कळत होतं की असा वर्ग जास्त दिवस चालायचा नाही. तिलाही कळत असणार. ती थांबली नाही.

मग 'बाळ' आला. 'बा' लागला. 'ळ' मी गटांच्या शेवटी, ओळीच्या पार उजव्या टोकाला ठेवलेला. तिथवर हात जाईपर्यंत पुढे बसलेल्या एकाने ठोकून दिलं, "बाल!"

"बाल नाही. बघ नीट."

"बाल, बाई! बच्चा!"

"अरे बाळ! ळ! जीभ वळव मेल्या, जीभ!" आत्या एकदम जुन्या आवाजात कडाडली. उजवा हात तिच्या मांडीवर पडला. आणि डावा हात सुटला, सरळ पडद्यावर गेला, आडवा पार उजव्या टोकापर्यंत, आणि ताडताड 'ळ', 'ळ', 'ळ'. टीव्हीभर ळ झाले. मुलं हसत हसत ओरडायला लागली, "ळ! ळ! ळ!" आणि तो पोरगा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, अगदी बरोबर.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. काही बोलू नकोस, असं.

आत्याला उशिरा कळलं. तिने पडद्यावरच्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो तिने उचलला नाही. मुलं अजून ओरडत होती. मला वाटलं आता ती उठणार, आणि हा वर्ग पुन्हा कधी भरणार नाही.

मग तिने तो हात काढला, मांडीवरचा उजवा हात त्याने उचलला, दोन्ही तळवे जुळवले आणि पडद्याला नमस्कार केला. ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "पाहिलंत ना?"

"काय, वन्सं?" आई म्हणाली. "मी तर मुलांकडे बघत होते."

आत्या हसली. झटका आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"तू. ही बटणं सगळी इकडे घे. या हाताला लांब पडतात."

"आत्ता?"

"मग कधी? मुलं बसलीत ना."

मी खाली बसले आणि तिथेच, मुलांच्या गलक्यात, सगळी अक्षरं डावीकडे आणायला लागले. उजवीकडे जे हाताखाली म्हणून मी जन्मभर ठेवत आले, ते एकेक उचलून डाव्या बाजूला ठेवलं. आई मुलांना आपट्याची पानं वाटत होती. आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती, काम नीट होतंय की नाही ते.

"ळ अगदी जवळ ठेव," ती म्हणाली. "या मुलांना तोच घडीघडी लागणार आहे."

"ठेवला."

"आणि मीठ?"

"वरच आहे. मधोमध."

"बरं," आत्या म्हणाली, आणि डावा हात पदराला पुसून पुढे आली. "चला रे, वाचा."